जुन्या गाडीचा मॅनिफोल्ड लीक आणि पडलेला पिकअप : नवख्या माणसाने कुठून सुरुवात करायची

सकाळी थंड गाडी स्टार्ट केली की बॉनेटखालून चट्‌ चट्‌ चट्‌ असा आवाज येतो, दोन-तीन किलोमीटर गेलं की आवाज गायब, आणि चढाला लागलं की गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, म्हणजे पिकअप पडलेला. जुनी मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, पद्मिनी असं काही वापरणाऱ्यांकडून हे वर्णन मी खूपदा ऐकलंय आणि स्वतः भोगलंय पण. आमच्याकडे वडिलांची १९९७ ची कार्बोरेटरवाली ८०० आहे, ७९६ सीसीची, तीन सिलेंडर, चार गिअर. या आवाजासाठी आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सेट झाले, मग हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर उघडून साफ झाला, मग परत एकदा उघडला, आणि शेवटी निघालं काय तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून जळलेला गॅस बाहेर नेणाऱ्या तुकड्याचं) पॅकिंग, म्हणजे जोडातून गॅस फुटू नये म्हणून मध्ये घातलेली पातळ पट्टी, एका कोपऱ्यात जळून गेलेलं.

पण खरं सांगायचंय ते पुढचं आहे. पॅकिंग बदललं, आवाज एकदम बंद, आणि पिकअप मात्र जसाच्या तसा पडलेला. खंबाटकीच्या चढाला परत दुसऱ्यात टाकावी लागली. कारण निघालं एक जळलेली प्लग वायर (स्पार्क प्लगला वीज नेणारी) आणि अर्धवट अडकलेला चोक, म्हणजे थंड गाडी स्टार्ट करताना हवा कमी करणारा कार्बोरेटरचा पडदा. म्हणून हा लेख. आवाज आणि पिकअप हे दोन वेगळे प्रश्न धरून चाला. कधी दोघांचं मूळ एकच असतं, कधी एकातून दुसरं होतं, आणि कधी दोघांचा काडीचा संबंध नसतो, पण आवाज ऐकू येतो म्हणून सगळा दोष त्याच्यावर जातो.

मॅनिफोल्ड कुठे असतो आणि लीक का होतो

बॉनेट उघडून नवख्या माणसाला काही कळत नाही, त्यामुळे सोपी युक्ती : गाडी थंड असताना मागचा सायलेन्सर धरा आणि पाईपच्या मागोमाग पुढे पुढे या, तो पाईप जिथे वर चढून इंजिनाला चिकटतो तिथे जो जाड, खरखरीत, गंजलेल्या रंगाचा लोखंडी तुकडा दिसतो तोच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. बऱ्याच गाड्यांत त्याच्यावर पत्र्याचं झाकण असतं. प्रत्येक सिलेंडरमधून जळलेला गॅस याच्या एकेका तोंडातून येतो आणि खाली एका पाईपमध्ये एकत्र होतो.

जुन्या गाड्यांत हा तुकडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बीड उष्णता छान सहन करतं पण ठिसूळ असतं, तवा खाली पडल्यावर वाकत नाही, तुटतो, तसंच. आता गंमत बघा, एक फूट लांबीचं बीड ५०० अंशांनी तापलं की दीड मिलिमीटरच्या आसपास लांब होतं. ज्या हेडला (सिलेंडरच्या वर बसणारा इंजिनाचा भाग) ते बोल्टने आवळलेलं असतं ते हेड पाण्याने गार ठेवलेलं, ते तेवढं वाढत नाही. म्हणजे रोज गाडी चालू-बंद करताना मॅनिफोल्ड हेडवर थोडा थोडा सरकतो आणि परत येतो. सगळ्यात जास्त हालचाल दोन टोकांना, म्हणून टोकाचे स्टड (हेडमध्ये बसवलेले, नट लावायचे आट्यांचे दांडे) आधी तुटतात आणि पॅकिंगही आधी टोकालाच जळतं. हे एवढं डोक्यात ठेवलं तरी शोधायला कुठून सुरुवात करायची ते कळतं.

यात आपल्याकडच्या दोन गोष्टींची भर पडते. एक पावसाळा, तापलेल्या मॅनिफोल्डवर डबक्यातलं गार पाणी उडालं की बिडाला तडा जाऊ शकतो. दुसरी खड्डे. सायलेन्सरला टांगणारे रबर तुटले की सगळं वजन पुढे मॅनिफोल्डवर लटकतं. आणि इंजिनाचे माउंटिंग रबर, याकडे कुणी बघतच नाही! आडवं इंजिन असलेल्या गाडीत ॲक्सिलेटर दिला-सोडला की इंजिन मागे-पुढे डुलतं, माउंटिंग गेलेलं असेल तर जास्तच डुलतं आणि ती सगळी ओढाताण मॅनिफोल्डच्या खालच्या जॉइंटवर येते. पॅकिंग दर सहा महिन्यांनी जात असेल तर पॅकिंगच्या क्वालिटीला नावं ठेवायच्या आधी माउंटिंग आणि टांगणीचे रबर बघा.

आधी गॅसबद्दल, कारण हे जीवावरचं आहे

एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला जो धुराचा वास येतो तो बाकीच्या गोष्टींचा, त्यामुळे वास नाही म्हणजे गॅस नाही असं कधीच धरू नका, आणि सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत तर धुराचा वास मुळातच कमी असतो तेव्हा तिथे जास्त सावध राहा. मॅनिफोल्डचा लीक बॉनेटखाली होतो आणि केबिनमध्ये हवा घेणारी जाळी बरोब्बर काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेला असते. शिवाय जुन्या गाडीत क्लच केबल, वायरिंग, स्टिअरिंग जिथून आत येतं तिथले रबरी बूच सुकून पडलेले असतात.

गाडीत बसल्यावर डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, विनाकारण झोप येणं, आणि गाडीतून उतरल्यावर बरं वाटणं, हे होत असेल तर गाडी वापरणं तिथेच थांबवा. चालू गाडीत असं झालं तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उघड्यावर उतरवा, आणि बरं वाटत नसेल तर सरळ दवाखाना. मागच्या सीटवर लहान मूल झोपलंय असं आपण समजतो, ती झोप नेहमीची आहे का हे अशा गाडीत सांगता येत नाही. खालच्या सगळ्या टेस्ट उघड्या जागेत करा, बिल्डिंगच्या खालच्या बंद पार्किंगमध्ये किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये अजिबात नाही.

पायरी १ : थंड गाडीचा आवाज ऐका

गाडी रात्रभर उभी हवी. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे कारण धातू तापून फुगला की बारीक फट आपोआप बुजते आणि आवाज जातो. गॅरेजपर्यंत गाडी दहा किलोमीटर चालवत नेली की मेकॅनिकला आवाज ऐकूच येत नाही, तो म्हणतो काही नाहीये साहेब, आणि तो खोटंही बोलत नसतो. गॅरेजला दाखवायची असेल तर आदल्या संध्याकाळी तिथेच ठेवून या आणि सकाळी तुमच्यासमोर स्टार्ट करायला सांगा.

घरी करायचं असेल तर बॉनेट उघडा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, दुसऱ्या कुणालातरी स्टार्ट करायला सांगा आणि तुम्ही समोर उभे राहा. पहिली दोन मिनिटं कामाची. ॲक्सिलेटर थोडासा देऊन सोडायला सांगा. लीकचा आवाज हा फुसफुशीत, हवा फुटल्यासारखा असतो आणि ॲक्सिलेटर देताना वाढतो, टॅपेटचा आवाज कोरडा, धातूवर धातू आपटल्यासारखा असतो आणि वरच्या कव्हरमधून येतो, शिवाय इंजिन तापलं म्हणून तो लीकसारखा अचानक गायब होत नाही. पहिल्यांदा ऐकताना दोन्ही सारखेच वाटतात, लाज वाटून घेऊ नका, चांगल्या जुन्या मेकॅनिकचीही इथे फसगत होते, आमचे टॅपेट तसेच सेट झाले होते.

जागा शोधायला मीटरभर लांबीचा रबरी पाईप घ्या, गॅसच्या नळीएवढा जाड चालेल. एक टोक कानाशी धरा, कानात खुपसू नका, आणि दुसरं टोक मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडापाशी, मग खालच्या जॉइंटपाशी फिरवा. जिथे लीक आहे तिथे आवाज एकदम कानाजवळ आल्यासारखा वाटतो. शर्टाच्या बाह्या, ओढणी, लांब केस, गळ्यातली चेन हे सगळं फॅन आणि बेल्टपासून लांब. इलेक्ट्रिक फॅन असेल तर तो मध्येच आपोआप सुरू होतो हेही लक्षात ठेवा.

काही जण प्लगची वायर एकेक काढून कुठल्या सिलेंडरचा आवाज कमी होतो ते बघतात. पद्धत बरोबर आहे, पण झटका जोरदार बसतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला विषारी गॅस कमी करणारा डबा) असलेल्या गाडीत न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो तापून खराब होतो. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आला, म्हणजे ‘माझी तर कार्बोरेटरवाली जुनी गाडी आहे’ म्हणून नसेलच असं नाही. नवख्यांनी हा प्रकार सोडून द्या, पाईप पुरतो.

पायरी २ : टॉर्च घेऊन बघा

इंजिन पूर्ण गार झाल्यावर वरचं पत्र्याचं झाकण काढा, साधारण १० च्या पान्याचे बोल्ट असतात आणि गंजलेले असतात, त्यामुळे आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन मॅनिफोल्ड आणि हेडच्या मधली पूर्ण रेघ बघा. गॅस जिथून फुटतो तिथे काळी किंवा करडी काजळी पसरलेली दिसते, चुलीच्या तोंडाशी असते तशी. तेलाचा ओघळ आणि काजळी यात घोटाळा होतो, बोट फिरवा, काजळी कोरडी असते आणि पुसली जाते, तेल चिकट.

मग नट मोजा. हो, खरंच मोजा. एखादा नट नाहीये, एखादा स्टड आतल्या आत तुटून फक्त टोक राहिलंय, हे सर्रास सापडतं, विशेषतः टोकांना. त्यानंतर मॅनिफोल्डच्या अंगावर तडा आहे का बघा, दोन तोंडांच्या मधल्या बेचक्यात तडा जास्त करून असतो. बारीक तडा दिसत नसेल तर ब्रशने गंज झाडून खडू घासा, रेघ उठून दिसते.

आजूबाजूच्या वायर, नळ्या, रबर पण आत्ताच बघून घ्या. कुठे काही वितळलंय, कडक झालंय, रंग बदललाय? आमची प्लग वायर अशीच सापडली असती जर तेव्हाच नीट बघितलं असतं, मागे कुणीतरी वायर बदलताना क्लिपमध्ये न अडकवता सोडून दिलेली होती, ती लोंबत मॅनिफोल्डजवळ गेली आणि फुटलेल्या गरम गॅसने तिचं वरचं आवरण भाजून निघालं. स्पार्क प्लगला जायच्या ऐवजी बाहेरच उडायचा.

पायरी ३ : साबणाचं पाणी

अजून खात्री नसेल तर ही टेस्ट मला सगळ्यात आवडते, कारण इंजिन बंद असतं, गार असतं, आणि भाजायची भीती नाही. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल आणि त्याला हवा बाहेर फेकायचं तोंड असेल, किंवा कचरा उडवायचा ब्लोअर असेल, तर त्याचा पाईप मागे सायलेन्सरच्या तोंडात घालून भोवती जुनं फडकं गच्च गुंडाळा. चालू करा. मग भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून मॅनिफोल्डच्या जॉइंटवर, खालच्या फ्लेंजवर (पाईप बोल्टने जोडायची चपटी कड), मधल्या जोडांवर मारत जा. जिथे बुडबुडे तिथे लीक. पंक्चरवाला टबमध्ये ट्यूब बुडवतो तेच तत्त्व. कॉम्प्रेसरची जोरदार हवा लावू नका, गरज नाही. सायलेन्सरच्या डब्याला खाली बारीक भोक असतं, ते पाणी निघून जायला मुद्दाम ठेवलेलं असतं, तिथून बुडबुडे आले तर तो बिघाड नाही, ते बुजवू नका.

उदबत्तीचा धूर कुठे हलतो ते बघायची पण एक पद्धत सांगतात. पेट्रोलच्या गाडीत, कार्बोरेटरच्या आसपास, मी ती करणार नाही आणि तुम्हीही करू नका.

पायरी ४ : पिकअपचं वेगळं बघा

इथे थोडं खोलात जातो, कारण पैसे इथेच वाया जातात.

साध्या कार्बोरेटरच्या गाडीत मॅनिफोल्डचा छोटा लीक स्वतःहून फारसा पिकअप खात नाही. गॅस बाहेरच जायचा होता, तो जरा आधी बाहेर पडला. आवाज मोठा असल्यामुळे गाडी ओढत नाही असं वाटतं पण बरंच. लीक मोठा असेल, जवळची वायर किंवा व्हॅक्यूमची नळी भाजली असेल, गरम गॅस परत एअर फिल्टरमधून आत ओढला जात असेल, तर मात्र फरक पडतो, आणि तो त्या दुसऱ्या गोष्टीमुळे पडतो.

इंजेक्शनच्या म्हणजे एमपीएफआय गाडीत प्रकरण वेगळं. एक्झॉस्टचा गॅस सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती ऑक्सिजन सेन्सरला लागली की सेन्सर सांगतो ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बिचारा पेट्रोल वाढवतो. प्लग काळे, ॲव्हरेज पडतं, आयडलिंगला गाडी हेलकावे खाते, कन्व्हर्टर जास्त तापतो, आणि लोक हजारो रुपये घालून सेन्सर बदलतात जेव्हा सेन्सर आपलं काम चोख करत असतो. म्हणून लीक सेन्सरच्या आधी आहे की नंतर, हे बघणं फार महत्त्वाचं. साधारण २०१० नंतरची, बीएस ४ (प्रदूषणाचं मानक) गाडी असेल तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचणारं यंत्र) लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा, बघता येतो, तो सतत अधिक दहा टक्क्यांच्या वर दिसत असेल तर लीकचा संशय धरायला हरकत नाही. इनलेटच्या बाजूची हवा गळत असेल तरी ट्रिम असाच वर जातो, त्यामुळे एवढ्यावर पक्कं धरू नका.

टर्बो डिझेलमध्ये, सुमो, बोलेरो वगैरे, टर्बोच्या आधी लीक असेल तर पिकअप सरळ सरळ जातो कारण टर्बो फिरवणारा गॅसच वाटेत निसटतो. शिट्टीसारखा आवाज, उशिरा येणारी ताकद आणि काळा धूर. तिथे वेळ घालवू नका, लीकच आधी बंद करा.

आता पेट्रोल गाडीत लीक सोडून बाकी काय बघायचं. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. प्लग काढून रंग बघा, फिकट तपकिरी म्हणजे छान, काळा कोरडा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमी, ओला म्हणजे तो सिलेंडर जळतच नाहीये. अंधारात इंजिन चालू करून प्लगच्या वायरकडे नुसतं बघा, हात न लावता, निळ्या ठिणग्या दिसल्या तर वायर गेली. कार्बोरेटरच्या गाडीत चोक पूर्ण उघडतोय का ते डोळ्यांनी बघा, केबल खेचली-सोडली की पडदा पूर्ण परत जायला हवा. मग क्लच : रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या आसपास चालत असताना ॲक्सिलेटर पूर्ण दाबा, इंजिनाचा आवाज वर गेला पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही तर क्लच घसरतोय, मॅनिफोल्डचा काही संबंध नाही. आणि ब्रेक : चार-पाच किलोमीटर फार ब्रेक न मारता चालवून थांबा आणि प्रत्येक चाकाच्या जवळ हात न्या, टेकवू नका, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय.

एक गोष्ट अजून, आणि ही मला फार उशिरा कळली. तुंबलेला सायलेन्सर किंवा तुंबलेला कन्व्हर्टर. लीकमध्ये गॅस वाटेत निसटतो, तुंबण्यात गॅसला वाटच मिळत नाही, आणि पिकअप मारण्यात तुंबणं कितीतरी पुढे आहे. गाडी आयडलला बरी चालते, वर नेली की दम लागतो, वेग एका ठिकाणी अडकतो, कितीही दाबा पुढे जात नाही. आणि दोन्हींचा संबंध असा की मागे वाट बंद झाली की पुढे मॅनिफोल्डमधला दाब वाढतो आणि जे कमजोर पॅकिंग असेल ते फुटतं. म्हणजे लीक हा परिणाम, मूळ मागे. कन्व्हर्टरच्या डब्यावर, गार असताना, हाताने किंवा रबरी हातोडीने हलकं ठोका, आत खुळखुळा वाजला तर आतली जाळी तुटलेली आहे.

पायरी ५ : उघडायचं कसं, बसवायचं कसं

पहिल्यांदाच करत असाल तर जवळ कुणीतरी अनुभवी हवा. मोठी भीती एकच, स्टड तुटणं. ८०० सारख्या गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचं असतं, त्यात लोखंडी स्टड वर्षानुवर्षं बसून जाम झालेला. तुटला तर एक तासाचं काम दोन दिवसांचं होतं.

आदल्या रात्री प्रत्येक नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी परत मारा. घासलेट आणि तेल मिसळून लावणारेही आहेत, पण मग गाडी चालू करायच्या आधी सगळं पुसून काढायला हवं. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड लावा, चाकाला दगड लावा. नट सोडवताना गोटी पाना सहा कोनांचा वापरा, बारा कोनांचा गंजलेल्या नटावर घसरतो आणि नट गोल होतो. एकदम जोर लावायचा नाही, थोडा सोडवा, परत थोडा आवळा, परत सोडवा, किरकिर आवाज येत असेल तर अजून स्प्रे. टोकाकडून सुरुवात करून मधल्या नटाकडे या. आधी खालचा पाईप सोडवा, मग मॅनिफोल्ड, नाहीतर सगळं वजन हातात येतं. ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याची वायर कनेक्टरमधून काढा, ओढू नका.

मॅनिफोल्ड निघाला की जुनं पॅकिंग लगेच फेकून देऊ नका, त्यावर सगळी कथा लिहिलेली असते. जिथे काळी रेघ आतल्या भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत गेलेली दिसते तो लीक. एकाच ठिकाणी असेल तर तिथला स्टड किंवा नट ढिला होता, दोन्ही टोकांना असेल तर मॅनिफोल्ड वाकलाय. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही, फुंकर मारायची नाही, हवा मारायची नाही. पाणी मारून ओलं करा, मास्क लावा, बोथट पातीने काढा, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवी बंद करा. ॲल्युमिनियमच्या हेडवर टोकदार काही चालवलं तर ओरखडा राहतो आणि नवं पॅकिंग तिथूनच फुटतं. काढलेला कचरा पोर्टमधून (हेडमधली गॅस बाहेर यायची भोकं) आत जाऊ नये म्हणून तिथे कापडाचे बोळे घाला, आणि शेवटी ते मोजून बाहेर काढा.

मग मॅनिफोल्डच्या तोंडांवर स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) घाला. ०.१ मिलिमीटरची पाती कुठे सरकत असेल तर मी तो लेथवाल्याकडे फेस मारायला (तोंड घासून सपाट करायला) देतो. त्याला फार पैसे पडत नाहीत आणि ही पायरी टाळली तर नवं पॅकिंग काही महिन्यांत जातं, तेव्हा बाकी कुठे कंजुसी करा, इथे नको.

तुटलेला स्टड : बाहेर टोक असेल तर दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटाने फिरवा. टोक नसेल तर वेल्डरकडून त्यावर नट वेल्ड करून घेतात, वेल्डिंगच्या उष्णतेने तो सैलही होतो. ड्रिल मारून काढायचं काम नवख्याने स्वतः करू नये, ड्रिल लोखंड सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतो. आटे गेलेच तर नवीन आट्यांची स्प्रिंग बसवून मिळते, ती चांगली टिकते.

बसवताना नवं पॅकिंग, जमल्यास नवे स्टड आणि नट, नुसता नट जुना ठेवून पैसे वाचत नाहीत. आट्यांवर तांब्याचं ग्रीस थोडंसं. आधी सगळे नट हाताने लावा, मग मधल्यापासून सुरू करून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. ८ मिलिमीटरच्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना घ्या आणि मनगटाच्या जोरावर आवळा, पान्याला पाईप लावून अंगाचा जोर देऊ नका.

आणि पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन गॅस्केट पेस्ट फासायची सवय इथे नको. लाल रंगाची जास्त उष्णतेची म्हणून मिळते तीसुद्धा मॅनिफोल्डच्या तापमानाला टिकत नाही, आणि तिची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. एम-सील तर या कामासाठी बनलेलंच नाही. सायलेन्सरची पुट्टी मिळते ती मागच्या जोडांना, तात्पुरती, ठीक आहे.

तडा गेला असेल तर

बिडाचं वेल्डिंग होतं, पण आधी पूर्ण तुकडा तापवून, निकेलच्या रॉडने, आणि नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून हळूहळू गार करून. नुसता गार तुकडा घेऊन साध्या रॉडने दोन टाके मारणाऱ्याकडे देऊ नका, तडा त्या टाक्याच्या शेजारून परत उघडतो. ८००, ओम्नीसारख्या गाडीसाठी मला जुन्या बाजारातला चांगला मॅनिफोल्ड जास्त परवडतो, मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार आहे, आणि बहुतेक मोठ्या शहरांत अशी एक गल्ली असतेच. जाताना आपला जुना तुकडा बरोबर न्या, पोर्टची भोकं आणि स्टडची भोकं एकावर एक ठेवून जुळवा, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षांचे मॅनिफोल्ड वेगळे निघतात. विकत घेताना लोखंडाने हलकं वाजवून बघा, चांगलं बीड खणखणीत वाजतं, तडा असेल तर आवाज फुटका, बद्द येतो. मडकं घेताना करतो तसंच.

चालू केल्यावर

पहिली पाच-दहा मिनिटं ग्रीस आणि स्प्रे जळून थोडा धूर येतो, घाबरू नका, पण बॉनेट उघडं ठेवून समोर उभे राहा आणि धूर थांबतोय याची खात्री करा. पत्र्याचं झाकण परत लावायला विसरू नका, ते बिनकामाचं वाटतं आणि बरेच जण गॅरेजमध्येच सोडून देतात, पण वायर आणि नळ्या भाजण्यापासून तेच वाचवतं. पूर्ण गार झाल्यावर एकदा आणि मग दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत गार असताना नट तपासा, नवं पॅकिंग दबून बसतं आणि एखादा नट पाव फेरा घेतो. एमपीएफआय गाडीला ईसीयूने पेट्रोलचा हिशोब परत जुळवायला काही दिवस द्या, ॲव्हरेज लगेच पहिल्या टाकीला मोजू नका.

आमच्या ८०० चं मी पॅकिंग, एक प्लग वायर, वायरच्या क्लिपा, चोकची केबल आणि पुढचं एक माउंटिंग एवढं केलं. नट तीनशे किलोमीटरला तपासले तेव्हा टोकाचा एक थोडा सैल झाला होता, तो आवळला. आता थंडीतल्या पहिल्या सकाळी बॉनेट उघडून परत दोन मिनिटं ऐकणार आहे, कारण सगळ्यात बारीक फट ऐकू आलीच तर त्याच दिवशी येते.